पुस्तक मिटल्यावर

प्रवरेच्या काठी, नेवाशापासून दोन-अडीच कोसांवर असलेल्या एका लहानशा गावात चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचावे तर त्यानेच, अशी त्याची गावभर ख्याती होती. जोडाक्षरांपाशी तो अडखळत नसे, स्वल्पविरामापाशी नेमका थांबे, आणि धडा दोनदा वाचला की तिसऱ्यांदा त्याला पुस्तकाची गरजच उरत नसे. शाळा तपासायला साहेब आले की वाचनासाठी त्यालाच उभे करीत. त्याच्या आजीला तर याचे एवढे कौतुक होते की, पाणवठ्यावर भेटलेल्या परगावच्या बाईलाही ती नातवाच्या वाचनाची गोष्ट सांगितल्यावाचून सोडीत नसे. आजीला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

त्या वर्षी शाळेत नवे गुरुजी आले. त्यांनीही पहिल्या दिवशी त्या मुलालाच वाचायला सांगितले. धडा उन्हाळ्याचा होता. वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "छान वाचलेस. आता पुस्तक मीट, आणि काय वाचलेस ते मला सांग."

मुलाने पुस्तक मिटले, हात पाठीशी घेतले, नजर छपराच्या वाशांकडे लावली आणि सबंध परिच्छेद काना-मात्रेचा फरक न करता म्हणून टाकला. वर्ग गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागला. शाबासकी ठरलेलीच होती.

"हे पुस्तकाने सांगितले," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आता तू सांग."

मुलगा गोंधळला. आपला आवाज लहान पडला असावा असे वाटून त्याने तोच परिच्छेद पुन्हा, अधिक मोठ्याने सुरू केला. गुरुजींनी हात वर केला आणि विचारले, "बरे, ते राहू दे. जनावरे डोहाकडे का गेली?" मुलाचे ओठ हलू लागले. तो मनातल्या मनात पहिल्या वाक्यापासून निघाला होता. सात आठे किती असे विचारले असता ज्याला सात एके सातपासून चढत यावे लागते, त्याच्यासारखी त्याची गत झाली होती. जनावरांपर्यंत तो पोचण्यापूर्वीच घंटा झाली. त्या दिवशी तो घरी कोणाशी बोलला नाही.

पाठांतराला नावे ठेवण्याचे येथे कारण नाही. पाढे पाठांतराने येतात, आणि जात्यावरच्या ओव्या तर आजीपासून नातीपर्यंत पाठांतरानेच आल्या. पण कणगीत धान्य भरून ठेवणे निराळे आणि त्याची भाकरी करून पानात वाढणे निराळे. त्या मुलाची कणगी शिगोशीग भरलेली होती. चूल मात्र अजून पेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी धड्यातले एकच वाक्य फळ्यावर लिहिले: 'उन्हाचे चटके बसू लागताच ओढ्याचे पाणी आटते आणि तहानेने व्याकुळ झालेली जनावरे दूरच्या डोहाकडे धाव घेतात.' हे वाक्य आपापल्या शब्दांत लिहा, एवढेच त्यांनी सांगितले. मुलांनी पाट्या पुढे ओढल्या आणि मोठ्या उत्साहाने शब्दांची अदलाबदल आरंभिली. पाण्याचे जल झाले, जनावरांचे पशू झाले, कोणी तहानेच्या जागी तृषा बसविली. आपला वाचक मुलगा या खेळात सर्वांच्या पुढे होता, कारण समानार्थी शब्दांची यादीही त्याला पाठ होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाला 'आटते' या शब्दासाठी दुसरा शब्द सुचेना. शेवटी आई बासुंदीसाठी दूध आटविते हे त्याला आठवले, आणि त्याने लिहिले, 'ओढ्याचे पाणी घट्ट होते.'

वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले, परंतु ते त्या मुलावर रागावले नाहीत. त्याने निदान शब्दाच्या पलीकडे काही पाहण्याचा प्रयत्न केला होता. इतरांनी तेवढेही केले नव्हते. त्यांनी वाक्याचा अंगरखा बदलला होता. आतला माणूस त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून उभा होता. आणि नवा अंगरखा जुन्याहून अवजड होता. 'तृषेने व्याकुळ पशू' म्हटल्यावर ज्याला ते समजेल, त्याला 'तहानेने व्याकुळ जनावरे' आधीच समजलेले असते. मग ही उठाठेव कोणासाठी?

गुरुजींनी फळा पुसून टाकला. वाक्य दिसेनासे झाले. मग खिडकीशी बसलेल्या एका मुलीला त्यांनी विचारले, "समज, तू घरी गेलीस, आणि तुझा धाकटा भाऊ म्हणाला, ताई, आज शाळेत काय झाले? त्याला काय सांगशील?" मुलगी थोडा वेळ बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात आपला ओढा कोरडा पडतो ना, तेव्हा गुरांना प्यायला पाणी उरत नाही. म्हणून ती लांब डोहापर्यंत पळत जातात."

वर्गात कोणी हसले नाही. फळ्यावरच्या वाक्यातला एखाददुसराच शब्द तिच्या बोलण्यात आला होता. वाक्ये एकाची दोन झाली होती. आणि मूळच्या वाक्यात उघड नसलेले कारण, पाणी उरत नाही 'म्हणून', तिने आपल्या जिभेने जोडून दिले होते. उन्हाचे चटके मात्र तिच्याकडून राहिले. ते गुरुजींनी तिच्या लक्षात आणून दिले, आणि तिने ते नीट जागेवर आणून ठेवले.

तेव्हापासून त्या वर्गाची रीत ठरली. उतारा दोनदा वाचावयाचा. एकदा सबंध, आणि एकदा जेथे पाय अडतो त्या जागा पाहत. मग पुस्तक दप्तरात घालावयाचे. हे दप्तरात घालणे फार महत्त्वाचे होते. कारण पुस्तक उघडे असले की डोळा चोरून तिकडे जातो आणि त्यातली वाक्ये आयती हातात येतात. मग शेजाऱ्याला उतारा सांगावयाचा. शेजाऱ्याच्या कपाळावर आठी दिसली, तर ते वाक्य पुन्हा, निराळ्या रीतीने सांगावयाचे. त्यानंतर पाटीवर लिहावयाचे, आणि सर्वांत शेवटी पुस्तक काढून ताडून पाहावयाचे: काय गळले, काय पदरचे घातले गेले. पहिल्या महिन्यात गळतीच फार झाली. दुसऱ्या महिन्यात मुलांना सांगण्याची गोडी लागली आणि भर पडू लागली. एकाने मधमाश्यांच्या धड्यात आपल्या मामाला चावलेली गांधीलमाशीही घालून दिली.

काही शब्द मात्र बदलावयाचे नसत. गावाचे, नदीचे, माणसाचे नाव. वर्ष आणि आकडा. आणि ज्या वस्तूला दुसरा शब्दच नाही ती वस्तू. एका मुलाने 'नांगर' या शब्दाऐवजी 'जमीन उकरण्याचे लाकडी साधन' असे लिहिले, तेव्हा गुरुजी त्याला म्हणाले, "अरे, तुझे वडील सकाळी ते साधन खांद्यावर घेऊन निघतात तेव्हा त्याला काय म्हणतात?" तो मुलगा लाजला. सोपा शब्द हाताशी असता त्याची ओळख विसरणे, ही चूक मोठ्या माणसांकडूनही होते. किंबहुना त्यांच्याकडून अधिक होते.

एवढे होऊनही आपल्या वाचक मुलाचे अडतच असे. पाठ झालेली वाक्ये त्याच्या वाटेत उभी राहत. काही सांगावयास तोंड उघडले की पुस्तकातलेच शब्द धक्काबुक्की करीत पुढे येत. इतर मुले चुकत, अडखळत सांगत. याला अडखळण्याची सवयच नव्हती.

माघ महिन्यात गुरुजी वर्गाला घेऊन नेवाशाला गेले. तेथे मंदिरात एक दगडी खांब आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये हा ग्रंथ पुरा झाला. खांबाभोवती हात फिरवून झाल्यावर मुले ओवरीत बसली, आणि गुरुजींनी त्यांना तीच गोष्ट निराळ्या बाजूने सांगितली. गीता संस्कृतात होती. ज्यांना संस्कृत येत होते त्यांच्यासाठी ती उघडी होती; शेतकरी, कुंभार, शिंपी, घरोघरच्या बाया यांच्यासाठी ती मिटलेल्या पुस्तकासारखीच होती. ज्ञानेश्वरांनी तिचा अर्थ या लोकांच्या बोलीत सांगितला.

"पण गुरुजी," खिडकीशी बसणारी मुलगी म्हणाली, "गीता केवढी आणि ज्ञानेश्वरी केवढी? माझ्या आजोबांच्या पोथीला दोन हात लावावे लागतात."

प्रश्न अचूक होता. गीतेचे श्लोक 700; ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9000. गुरुजींनी तिला सांगितले की, सारांश करताना मजकूर आटतो आणि उलगडून सांगताना तो वाढतो. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही ते समजावे म्हणून ज्ञानेश्वरांनी दृष्टान्तामागून दृष्टान्त दिले; त्यांत दिवा आला, पाणी आले, आई आणि मूलही आले. पण वाढले तरी ते गीतेचेच आहे, हे त्यांनी कोठे लपविले नाही. श्लोक कोणाचा आणि आपण सांगतो ते काय, ही सीमारेषा त्यांनी राखली.

पुढे सुमारे तीनशे वर्षे या ग्रंथाच्या हातांनी नकला होत राहिल्या. नकलेगणिक शब्द बदलत गेले. शब्द बदलले तसा कोठे कोठे अर्थही ढळला. पैठणच्या एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये ग्रंथाचा पाठ शुद्ध केला. आणि कोणीही आपली ओवी यात घुसडू नये, असे बजावून ठेवले. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. हे ऐकताच सर्वांनी गांधीलमाशीवाल्या मुलाकडे पाहिले.

परतताना वाटेत गुरुजींनी विनोबांची गोष्ट सांगितली. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यावयाची होती. मराठीतली जुनी श्लोकबद्ध गीता त्यांनी आईला आणून दिली. पण तीही तिला कठीणच गेली. तेव्हा आई म्हणाली, तूच का करीत नाहीस? तो शब्द विनोबांच्या मनात राहिला. 1930 मध्ये त्यांनी 'गीताई' लिहावयास घेतली, 1931 मध्ये ती पुरी झाली आणि 1932 मध्ये छापली गेली. येथे श्लोकास श्लोक आहे, 700 चे 700. मजकूर वाढविला नाही आणि घटविलाही नाही. छापण्यापूर्वी विनोबांनी ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवून पाहिली, आणि तिला जे जड गेले ते टिपून सुधारले. एवढा मोठा पंडित, आणि त्याने परीक्षक नेमला तो एक लहान मुलगी! मुलांना याचे फार नवल वाटले. ज्या आईने मागणी केली होती ती मात्र ते पुस्तक पाहायला नव्हती. 1918 मध्येच ती वारली होती.

आपला मुलगा ही गोष्ट ऐकून गप्प झाला. त्याला घरची एक गोष्ट आठवली होती.

आजोबांना जाऊन वर्ष होत आले होते. वडील मुंबईला गिरणीत होते; घरी आई, आजी, धाकटे काका. काही दिवसांपूर्वी चावडीवरून आजीच्या नावाने एक कागद आला होता. आजीने तो मोठ्या अभिमानाने नातवापुढे धरला. त्याने उंबऱ्यात उभे राहून तो खणखणीत वाचला: "मयत खातेदाराच्या वारसांची नावे खाली दर्शविल्याप्रमाणे दाखल करण्याचे योजिले आहे. सदरहू नोंदीस आपली काही हरकत असल्यास ती ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी कळवावी. अन्यथा आपली हरकत नाही असे समजण्यात येईल."

"वाचलंस झ्याक," आजी म्हणाली. "पन म्हंजी काय म्हनायचं हाय त्याला?"

मुलाच्या कानांत शेवटचे शब्द घुमत होते. तो म्हणाला, "आपली काही हरकत नाही, असं लिहिलंय." आजीने समाधानाने मान हलविली, कागदाची घडी केली आणि देवळीत दिव्यामागे ठेवून दिली.

नेवाशाहून आल्यावर गुरुजींनी मुलांना घरातला कोणताही लिहिलेला कागद आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गाचे जणू दुकानच झाले. एस. टी.ची तिकिटे आली, लग्नपत्रिका आल्या, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आली. एका मुलीने बियाण्याची रिकामी पिशवी आणली होती. तिच्यावरचा बारीक मजकूर तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "या बियांना विषारी औषध चोळलंय. पेरायच्या, खायच्या नाहीत, कोंबड्यांनाही घालायच्या नाहीत." गुरुजींनी ती पिशवी सगळ्या वर्गात फिरविली.

मुलाने नोटीस आणली होती. गुरुजींनी ती वाचली, पण अर्थ सांगितला नाही. ते एवढेच म्हणाले, "हा कागद कोण बोलतो आहे? कोणाला? त्याने काय करावे म्हणून? केव्हापर्यंत? आणि केले नाही तर?"

मुलाने नोटीस घडी करून दप्तरात घातली आणि खाली पाहत तो बोलू लागला. पुस्तकी शब्द पुन्हा धक्के देत पुढे आले, परंतु आज त्याने त्यांना मागे सारले. तो अडखळत म्हणाला, "सरकार आजीला सांगतंय. आजोबांच्या जमिनीवर कोणाकोणाची नावं लावायची, त्याची यादी दिली आहे. यादी चुकली असेल, तर आजीनं तसं लिहून द्यावं. कागद आल्यापासून पंधरा दिवसांत. आणि दिलं नाही, तर..." तो थांबला. "...तर तिला यादी कबूल आहे, असं ते धरून चालतील."

"आणि तू आजीला काय सांगितलेस?"

मुलाने उत्तर दिले नाही. 'अन्यथा' हा एवढासा शब्द त्याने स्पष्ट उच्चाराने वाचला होता. आणि आजीला सांगताना तोच कोठे तरी गळून पडला होता. त्याने घाईघाईने नोटीस पुन्हा उघडली आणि खालची नावे पाहिली. वडिलांचे नाव होते, काकांचे होते. माहिती देताना घरच्यांच्याच गडबडीत आजीचे नाव राहून गेले होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्यामागे विधवा पत्नी ही मुलांच्या जोडीने वारस असते, हे गुरुजींना ठाऊक होते. त्यांनी दिवस मोजले. कागद येऊन अकरा दिवस झाले होते.

मुलगा मधल्या सुट्टीची वाट न पाहता धावत घरी गेला. आजी अंगणात डाळ पाखडत होती. त्याने तिच्या हातातले सूप बाजूला ठेविले आणि तिच्यासमोर मांडी घालून सारे पुन्हा सांगितले. या वेळी त्याने काही वाचले नाही. मध्येच आजीने दोनदा विचारले, "म्हंजी?" आणि दोन्ही वेळा त्याने ती गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगितली. शेवटी "तुला मी चुकीचं सांगितलं होतं," हेही तो म्हणाला.

संध्याकाळी काकांनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. रात्री मुलानेच अर्ज लिहिला. 'उपरोक्त' आणि 'सदरहू' हे शब्द त्याला येत होते, पण त्याने ते घातले नाहीत. 'खातेदार माझे पती होते. वारसांच्या यादीत माझे नाव राहिले आहे. ते घालावे,' अशी तीन वाक्ये त्याने लिहिली. वर तारीख, खाली जागा. सकाळी काका आजीला घेऊन चावडीवर गेले. तिने अर्जावर अंगठा उठविला, आणि पोच मागून घेऊन ती पदराच्या गाठीला बांधली.

त्या रात्री शेजारीण ओसरीवर येऊन बसली. "चावडीवर कशापायी गेला होता, आत्या?" तिने विचारले. आजी सांगू लागली, "माझ्या मालकाच्या जमिनीवर नावं चढवायची हायेत. त्यात माझं नाव ऱ्हायलं हुतं. सरकार म्हनतंय, काय चुकलं आसंल तर कागद आल्यापास्नं पंधरा दिसांत लिवून द्या. न्हाई दिलं, तर तुमास्नी कबूल हाय आसं आमी धरू. म्हनून आज लिवून दिलं."

मुलगा कंदिलापाशी नोटीस पुढे घेऊन बसला होता. आजी बोलत होती आणि त्याचे बोट ओळींवरून सरकत होते. 'लेखी', '15 दिवस', सारे आले होते. 'अन्यथा'पाशी बोट क्षणभर थांबले. तेही आजीने सोडले नव्हते.

शेजारीण थोडा वेळ विचार करीत बसली. मग पदर सावरून उठली. तिच्याही घरी, उतरंडीच्या मागे, असाच एक कागद बरेच दिवस पडून होता. तो आणावयास ती अंधारातच निघाली.